मोटार, मोह व सोयरीक

प्रस्तुत पाठात आपण एका नेहमीच्या प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत. सोयरीक जमविण्याच्या बैठकीत मुलाचे शिक्षण, नोकरी, घर व शेती विचारून झाली की पुढचा प्रश्न हमखास येतो, "गाडी कोणती आहे?" कंग्राळी बुद्रुक, कंग्राळी खुर्द, हिंडलगा, आणि तिकडे थेट निपाणीपर्यंत हा प्रश्न आता चहापोह्यांइतका ठरून गेला आहे. पाहुण्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की घरातली माणसे अगोदर गाडी पाहतात आणि मग तिच्यातून उतरणारा मुलगा पाहतात. मुलगा पाहताना गाडी काही डोळ्यांसमोरून हललेली नसते.

प्रश्न दिसायला वाहनाचा आहे. परंतु गाडीत किती माणसे बसतात किंवा ती लिटरला किती किलोमीटर जाते, हे त्या बैठकीत कोणी विचारीत नाही. विचारायचे असते ते दुसरेच. हा मुलगा किती वजनदार, किती कर्तबगार, आणि स्पष्टच बोलायचे तर पुरुष म्हणून किती हवाहवासा, याचे उत्तर गाडीच्या नावात शोधले जाते. लैंगिक आकर्षण हा शब्द छापून आला की काही वडीलधारे वाचक पान उलटतात. त्यांना आमची विनंती आहे की, या वेळी पान उलटू नये. कारण ज्या मोहाविषयी तरुणांशी घरात बोलले जात नाही, त्याविषयी त्यांच्याशी जाहिरातदार अगदी मोकळेपणाने बोलत असतात.

शिवाय हा विषय पवित्र शास्त्राला परका नाही. गीतरत्नाच्या तिसऱ्या अध्यायात शलमोनाच्या पालखीचे वर्णन आहे. लबानोनाचे लाकूड, रुप्याचे खांब, जांभळी बैठक आणि भोवती साठ शूर वीर. प्रसंग राजाच्या विवाहाचा आहे आणि ते वैभव पाहण्यासाठी सियोनेच्या कन्यांना बाहेर बोलाविले आहे. वराचे वाहन आणि त्याकडे वळणाऱ्या नजरा ही जोडी अशी फार जुनी आहे. त्या वर्णनात कोठेही नाक मुरडलेले नाही, हेही लक्षात घ्यावे. सुंदर वस्तू पाहून मन हर्षित होणे हा दोष नव्हे. मग प्रश्न निर्माण होतो तो कोठे? ते पाहण्यासाठी या आकर्षणाची घडण समजून घेतली पाहिजे.

मोटारीतील हे रहस्य व्यापाऱ्यांनी फार लवकर ओळखले. अर्नेस्ट डिख्टर हे व्हिएन्नाहून अमेरिकेस गेलेले मानसशास्त्रज्ञ. १९३९ च्या सुमारास क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ मोटारीसाठी त्यांनी ग्राहकांशी सविस्तर बोलून अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, उघड्या टपाची मोटार दुकानाच्या काचेत ठेवली की पुरुष आत येत, तिच्याभोवती घुटमळत, आणि शेवटी विकत घेत ती मात्र साधी, बंद टपाची, कुटुंबाची मोटार. डिख्टर यांनी याचा अर्थ असा लावला की, उघडी मोटार पुरुषाला प्रेयसीसारखी वाटते आणि बंद मोटार पत्नीसारखी. तेव्हा दुकानदाराने प्रेयसी काचेत उभी करावी आणि पत्नी विकावी! हा सल्ला ऐकून आपल्याला हसू येईल. परंतु पुढची कित्येक वर्षे जगभरच्या मोटारींच्या जाहिराती याच वाटेने गेल्या. १९५७ साली व्हान्स पॅकार्ड या लेखकाने एक पुस्तक लिहून हे छुपे तंत्र लोकांसमोर मांडले, तरी तंत्र थांबले नाही.

थांबेल तरी कसे? ज्याच्यावर ते चालते त्याला त्याचा पत्ताच नसतो. अमेरिकेत १९६८ साली स्मिथ व एंगल या दोघा संशोधकांनी एक प्रयोग केला. काही जणांना मोटारीची नुसती जाहिरात दाखविली आणि काही जणांना तीच जाहिरात शेजारी एक आकर्षक तरुणी उभी असलेली दाखविली. तरुणी पाहिलेल्या पुरुषांना तीच मोटार अधिक वेगवान, अधिक महाग आणि अधिक उत्तम घडणीची वाटली. पुढे त्यांना विचारण्यात आले, "त्या तरुणीमुळे तर तुमचे मत बदलले नाही ना?" त्यांनी साफ नाकारले. ते खोटे बोलत नव्हते. एका वस्तूविषयी जागलेली भावना शेजारच्या वस्तूवर सांडते आणि आपले मन त्या सांडण्याची नोंदच ठेवीत नाही.

आपल्याकडेही हे घडले आहे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जी फियाट तयार होत असे, तिला १९७० नंतरच्या दशकात 'पद्मिनी' हे नाव मिळाले. चितोडच्या राणीवरून ते ठेवले असे सांगतात. पद्मिनी हे नाव ज्या देशात सौंदर्याच्या कथेशी आणि स्त्रियांच्या जुन्या वर्गवारीत सर्वश्रेष्ठ प्रकाराशी जोडलेले, तेथे ते एका चौकोनी, चार दारांच्या मोटारीला मिळावे ही गंमतच म्हणायची. पुढे हीच पद्मिनी मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून झिजली. तिचा टॅक्सी म्हणून शेवटचा दिवस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. तोपर्यंत तिच्या नावाने कोणाच्या मनात काही हलत नव्हते. मोहाची वस्तू किती वर्षांत भाड्याची होते, याचा हा एक हिशेब आहे.

आता याच्या मुळाशी जाऊ. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली असे मांडले की, श्रीमंत माणूस पुष्कळशा वस्तू उपयोगासाठी घेत नाही, दिसण्यासाठी घेतो. जितकी उधळपट्टी उघड, तितकी प्रतिष्ठा मोठी. त्याच्या आधी डार्विन यांना मोराच्या पिसाऱ्याने कोड्यात टाकले होते. एवढा जड पिसारा घेऊन मोराला धड पळता येत नाही, शत्रूपासून लपता येत नाही, मग तो टिकला कसा? १८७१ च्या ग्रंथात त्यांनी उत्तर दिले की, लांडोर तो पसंत करते म्हणून टिकला. आणि ती का पसंत करते, याचे एक उत्तर इस्रायलचे पक्षीतज्ज्ञ आमोत्झ झहावी यांनी १९७५ साली दिले. पिसारा हे ओझे आहे, म्हणूनच तो पुरावा आहे. एवढे ओझे वागवूनही जो नर जिवंत आहे, त्याच्या अंगी बळ असलेच पाहिजे. दुबळ्या नराला हा खर्च झेपणार नाही. म्हणून महागडी खूण खरी मानावी, कारण ती खोटी काढणे परवडत नाही.

कंग्राळीच्या वाचकांना हे समजण्यासाठी मोराकडे जाण्याचीही गरज नाही. पूर्वी ज्याच्या दावणीला शर्यतीची खिलारी जोडी असे, त्याचे नाव चार गावांत असे. ती जोडी नांगराला जुंपली जात नसे. तिला पेंड, कडधान्य, दूध, अंडी यांचा खुराक लागे. शेतीच्या दृष्टीने तो तोट्याचाच व्यवहार, परंतु ज्याला तो तोटा सोसतो त्याचे घर भरलेले आहे, हे मुलीच्या बापाला न सांगता कळे. घुंगरांच्या बैलांची दमणी दारात आली की आतल्या बायकाही खिडकीशी येत. तेव्हा आजच्या पोराच्या मोटारवेडाला 'कलियुग' म्हणून नावे ठेवणाऱ्या आजोबांनी आपली खोंडे आठवावीत.

या जुन्या विचाराची अलीकडे बरीच परीक्षा झाली आहे. त्यांतील काही निष्कर्ष आपल्या उपयोगाचे आहेत.

ब्रिटनमध्ये वेल्समधील डन व सर्ल या संशोधकांनी २०१० साली एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच तरुणाचे फोटो काढले, एकदा चंदेरी बेंटली या अतिशय महागड्या मोटारीत बसवून आणि एकदा साध्या फोर्ड फिएस्टामध्ये. चेहरा तोच. तरीही स्त्रियांनी बेंटलीतल्या तरुणाला अधिक आकर्षक ठरविले. मग एका तरुणीलाही तसेच दोन्ही मोटारींत बसविले आणि पुरुषांना गुण द्यायला सांगितले. पुरुषांच्या मतात मोटारीने काहीच फरक पडला नाही. स्त्रीची मोटार त्यांना जणू दिसलीच नाही.

मोटार केवळ पाहणाऱ्यावरच परिणाम करते असेही नाही. कॅनडातील माँट्रियल येथे साद व व्होंगास यांनी २००९ साली ३९ तरुणांना आळीपाळीने दोन गाड्या चालवायला दिल्या, एक महागडी पोर्शे आणि एक जुनी टोयोटा. प्रत्येक वेळी त्यांच्या लाळेतील टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषत्वाशी संबंधित संप्रेरक, मोजले. पोर्शे चालविल्यावर ते वाढलेले आढळले. गर्दीच्या रस्त्यावर तर वाढलेच, पण जेथे पाहायला फारसे कोणी नव्हते त्या मोकळ्या महामार्गावरही वाढले. कोणी पाहत नसतानाही चालकाचे शरीर स्वतःला मोठे समजू लागते. पुणे-बंगळूर महामार्गावर संध्याकाळी उभे राहून पाहणाऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रयोग. तो आम्ही थोडा सावकाश सांगतो, कारण त्याचा अर्धाच भाग लोकांच्या कानी जातो. २०११ साली अमेरिकेत जिल संडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोर, पोर्शे आणि व्हेब्लेन या तिघांची नावे शीर्षकात घालून एक संशोधन प्रसिद्ध केले. त्यांना आढळले की, दिखाऊ खर्चाची ऊर्मी सर्व पुरुषांत सारखी नसते. ज्यांना जबाबदारीवाचून, थोड्या दिवसांचा संबंध हवा असतो, अशा पुरुषांत स्त्रियांचा विचार मनात आला की ही ऊर्मी उसळते. मग त्यांनी स्त्रियांना दोन पुरुषांची वर्णने दिली. दोघे इतर सर्व बाबतींत सारखे. एकाने पोर्शे घेतलेली, दुसऱ्याने होंडा सिव्हिक. थोड्या दिवसांच्या मैत्रीसाठी पोर्शेवाला अधिक पसंत पडला. येथपर्यंतची गोष्ट जाहिरातदार आनंदाने सांगतील. पण पुढे विचारले, लग्नासाठी? तेव्हा पोर्शेचे वजन शून्य झाले. लग्नाचा जोडीदार म्हणून पोर्शेवाल्याला एकही गुण अधिक मिळाला नाही. याने एवढा भपका केला, त्या अर्थी याच्या मनात संसार नसावा, असा अंदाज त्या स्त्रियांनी बांधला होता.

हा निष्कर्ष वाचून आम्हांला त्या स्त्रियांविषयी आदर वाटला. 'बायका गाडीला भुलतात' असे जे आपल्याकडे हसत हसत म्हटले जाते, ते अर्धसत्य आहे. डोळा भुलतो हे खरे, परंतु आयुष्य बांधायची वेळ आली की तोच डोळा गाडी बाजूला सारून माणूस शोधतो. निदान तिला स्वतःला शोधू दिले तर.

आणि गाडीवरून माणूस सापडतोच असेही नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली उच्च दर्जाच्या मोटारींच्या मालकांचे स्वभाव तपासले. दोन प्रकार वर आले. एक, हटवादी, भांडकुदळ, दुसऱ्याची पर्वा न करणारे पुरुष. दुसरा, अगदी उलट, शिस्तीची, जबाबदारीने वागणारी माणसे, ज्यांना टिकाऊ व भरवशाची वस्तू हवी असते. एकाच प्रकारच्या गाडीतून हे दोन्ही स्वभाव उतरतात. आपल्या गल्लीत उभ्या राहिलेल्या गाडीतून यांपैकी कोण उतरणार, हे गाडीचे बोधचिन्ह पाहून कसे सांगावे?

येथवर आपण परदेशातील प्रयोग पाहिले. त्या प्रयोगांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. दाखविणारा पुरुष आणि पाहणारी स्त्री. आपल्याकडे ही मांडणीच निराळी आहे. आपल्या सोयरिकीत गाडी प्रामुख्याने मुलीला दाखविली जात नाही. ती दाखविली जाते तिच्या वडिलांना, काकांना, मामांना, भाऊबंदांना. लांडोरीऐवजी लांडोरीचा बाप पिसारा तपासतो आहे! अमेरिकेतील ज्या मुलीने लग्नासाठी पोर्शेला शून्य गुण दिले, ती स्वतः निवड करीत होती. आपल्या मुलीच्या वतीने निवड करणाऱ्या वडीलधाऱ्यांना मात्र गाडी ही भक्कम संसाराची खूण वाटते. ज्या प्रश्नात गाडीला महत्त्व नाही असे स्त्रियांनी ठरविले, नेमक्या त्याच प्रश्नात आपण तिला पहिला मान देतो.

या मानाचा इतिहास सीमाभागात बराच जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या काळी सायकल म्हणजे साहेब लोकांची आणि पैसेवाल्यांची चीज. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे. पुढे सायकल सर्वांची झाली आणि तिचा रुबाब गेला. मग राजदूत आली, बुलेट आली. परवान्यांच्या त्या काळात बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि 'स्कूटरचा नंबर लागलाय' हे वाक्य स्थळाच्या माहितीत सांगितले जाई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. मर्सिडीज कंपनी १९९४ मध्ये पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी तेथे जोडलेल्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. ज्या किर्लोस्करांनी बेळगावात सायकली विकल्या, त्यांच्याच नावाच्या समूहाने १९९७ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना काढला. आज आपल्याकडच्या लग्नांत ज्या उंच, पांढऱ्या गाड्या मिरवितात, त्यांतील पुष्कळ तेथूनच येतात. दरम्यान बेळगाव शहर वाढत वाढत कंग्राळीच्या शेतांत आले. कोठे भाताच्या जमिनीचे प्लॉट पडले, आणि प्लॉटच्या पैशाचे पहिले दर्शन दारातल्या गाडीने झाले.

एक गोष्ट जाता जाता. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांत मोटारींच्या इंजिनांचे भाग ओतले जातात. तेथे काम करणारा कंग्राळीचा तरुण मोटारीचे काळीज आपल्या हाताने घडवितो. सोयरिकीच्या बैठकीत मात्र तो सायकलवरून किंवा जुन्या मोटारसायकलवरून आला, तर त्याला गुण कमी पडतात. हा उलटा न्याय आहे असे आम्हांला वाटते.

आता पाठाचा जो मुख्य भाग, तो येथून पुढे आहे. झहावी यांचा नियम पुन्हा आठवावा. महागडी खूण खरी का मानायची? कारण खर्च खूण वागविणाऱ्याने स्वतः सोसलेला असतो. पिसारा मोराच्याच रक्तमांसातून उगवलेला असतो. पण ज्या गाडीचे पैसे दुसऱ्याने भरले, ती कशाची खूण?

पहिला दुसरा म्हणजे बँक. वीस लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढले, तर दरमहा सुमारे ३२,२०० रुपयांचा हप्ता बसतो. सात वर्षांत सुमारे २७ लाख रुपये भरले जातात, म्हणजे व्याजच सात लाखांचे. इकडे विमा कंपन्यांच्या नेहमीच्या घसारा-कोष्टकाप्रमाणे गाडीची किंमत सहा महिन्यांनंतर १५ टक्क्यांनी आणि चार वर्षे उलटल्यावर ५० टक्क्यांनी कमी धरली जाते. पगार चाळीस हजार आणि हप्ता बत्तीस हजार, असा मुलगा त्या गाडीत फार रुबाबदार दिसतो. शिवाय वापरलेल्या परदेशी गाड्यांचा बाजार आता इतका वाढला आहे की, जुनी मर्सिडीज नव्या लहान गाडीच्या किमतीत मिळू शकते. दुरुस्तीचे बिल येईपर्यंत ती खरीच वाटते.

दुसरा दुसरा म्हणजे सासरा. येथे मात्र निसर्गाचा सगळा नियमच उलटा होतो. मुलाच्या ऐपतीची खूण म्हणून जी गाडी मिरवायची, तीच मुलीच्या बापाने घेऊन द्यायची. मोर आपला पिसारा लांडोरीच्या बापाकडून शिवून घेतो! ही गाडी पाहून मुलाविषयी एकच गोष्ट सिद्ध होते की, त्याने ती मागितली किंवा दिलेली घेतली.

या ठिकाणी उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायाचे मनन करावे. अब्राहामाचा दास धन्याचे दहा उंट घेऊन इसहाकासाठी वधू पाहायला निघतो. दहा उंटांचा ताफा म्हणजे त्या काळची उंची गाडीच होती. विहिरीवर रिबका येते आणि त्याला व त्याच्या उंटांना पाणी पाजते. त्या वेळी सोन्याची नथ व कांकणे अजून बाहेर काढलेली नाहीत. ती तिला नंतर मिळतात. तिचा भाऊ लाबान मात्र नथ व कांकणे पाहतो आणि मग पाहुण्याचे आगतस्वागत करायला धावतो. एकाच घरातली ही दोन माणसे, पण दोघांच्या डोळ्यांत किती अंतर! आणखी दोन गोष्टी तेथे आहेत. दागिने वराकडून वधूकडे गेले, वधूच्या घरातून काही मागितले गेले नाही. आणि निघण्यापूर्वी रिबकेला बोलावून तिचे मत विचारण्यात आले. आपल्या किती बैठकांत मुलीला असे विचारले जाते, आणि तेही गाडी दारात उभी राहण्यापूर्वी?

१९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याची माहिती आपल्याकडे अर्धवट असते, म्हणून थोडे खुलासेवार लिहितो. लग्नाच्या संबंधात मागितलेली किंवा ठरवून दिलेली मौल्यवान वस्तू, मग ती रोकड असो, सोने असो वा मोटार, हुंडाच आहे. घेणे आणि देणे दोन्ही गुन्हे आहेत. किमान पाच वर्षे कैद आणि किमान पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, यांपैकी जो अधिक असेल तो दंड, अशी शिक्षा आहे. 'आम्ही दिले असे सांगितले तर आम्हीच अडकू' या भीतीने पुष्कळ वडील गप्प बसतात. परंतु अन्याय झालेल्या व्यक्तीच्या स्वतःच्या जबानीवरून तिच्यावर या कायद्याखाली खटला चालविता येत नाही, असे संरक्षण कायद्यातच आहे. लग्नात दिलेला हुंडा दुसऱ्या कोणाच्या हाती पडला, तर तो तीन महिन्यांच्या आत वधूच्या स्वाधीन केला पाहिजे, असेही कलम आहे. गाडी दिली तिच्या वडिलांनी, नोंदणी जावयाच्या नावावर, किल्ली दिराच्या खिशात, आणि मुलीला चालविता येत नाही म्हणून ती मागच्या बाकावर. हे चित्र आपण कितीदा तरी पाहिले आहे.

मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला आणि सारा महाराष्ट्र हळहळला. तिच्या माहेरच्यांनी लग्नात ५१ तोळे सोने आणि एक मोठी, महागडी मोटार दिली होती, तरीही आणखी पैशांसाठी तिचा छळ होत होता, असा त्यांचा आरोप आहे. सासरच्या माणसांना अटक झाली. दोषी कोण हे न्यायालयाने ठरवायचे. आपण त्यात बोलू नये. परंतु वर्तमानपत्रांत त्या लग्नातील गाडीच्या किल्लीचा फोटो आला होता, तो अनेकांनी पाहिला असेल. फुलांनी सजविलेली गाडी, हसणारे पाहुणे. तेव्हा तेथे उपस्थित असलेल्या कोणालाही त्या फोटोत काही वावगे दिसले नसावे. आपल्या गावच्या मांडवात असा फोटो निघतो, तेव्हा आपणही टाळ्याच वाजवितो.

काही माता म्हणतील, "मुलीला पुढे त्रास नको, मान राहावा, म्हणून आम्ही देतो." ही माया आम्हांला समजते. पण आकर्षणाचा जो स्वभाव आपण वर पाहिला, तो येथे लागू पडतो. गाडीकडे पाहून उसळलेली भावना गाडीची असते. ती मुलीवर काही काळ सांडते खरी, परंतु गाडी जुनी होते, शेजारच्या घरी तिच्याहून मोठी येते, आणि मग सांडायला काही उरत नाही. ज्या घराने मुलीचा मान गाडीवर मोजला, ते घर पुढच्या मोजणीला नवीन गाडी मागणार. जेथे पिसाऱ्याचे पैसे दुसरा भरतो, तेथे पिसारा किती मोठा असावा याला मर्यादाच राहत नाही.

आणि मुलगे? त्यांच्यावर होणारा अन्याय आपण सहसा मोजीत नाही. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी नुकता नोकरीला लागलेला मुलगा हप्त्यात अडकतो, कारण गाडीशिवाय स्थळ येणार नाही असे त्याला घरातूनच सांगितलेले असते. त्याला कोणी तरी सांगायला हवे की, ज्या मुलीला संसार करायचा आहे तिच्या मनात गाडीला फारसे गुण नाहीत, आणि जिच्या मनात आहेत तिचे मन गाडीबरोबर बदलण्याचा संभव आहे. मोटार घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. कंग्राळीहून रात्री आजारी माणसाला बेळगावच्या इस्पितळात न्यायचे तर दारात गाडी असणे ही मोठी सोय आहे. पावसाळ्यात चोर्ला घाटाने गोव्याला जाताना भक्कम गाडी बरी. गाडी घ्यावी, स्वतःच्या पैशाने घ्यावी, आणि ती जेवढी आहे तेवढीच समजावी.

मुलींनीही एक विचार करावा. डन व सर्ल यांच्या प्रयोगात स्त्रीची मोटार पुरुषांच्या खिजगणतीत नव्हती. आपल्याकडे स्वतःच्या कमाईने स्कूटी किंवा लहान गाडी घेतलेल्या मुलीविषयी काही घरे उलट बिचकतात, 'फार पुढारलेली दिसते' म्हणतात. जी गाडी मुलाच्या नावावर असली की गुण, तीच मुलीच्या नावावर असली की अवगुण! अशा स्थळाची परीक्षा तेथेच पुरी झाली असे समजून तिने पुढचे स्थळ पाहावे.

तरुण संघाच्या व महिला मंडळाच्या बैठकीत या पाठाचा उपयोग पुढीलप्रमाणे करता येईल. गावाबाहेरच्या, कोणाच्या ओळखीच्या नसलेल्या एका तरुणाच्या संमतीने त्याचे दोन फोटो घ्यावेत, एक मोठ्या गाडीशेजारी आणि एक सायकलशेजारी. कपडे तेच, उभे राहणे तेच. अर्ध्या सभासदांना एक फोटो द्यावा, अर्ध्यांना दुसरा, आणि हा मुलगा प्रामाणिक, कष्टाळू, प्रेमळ वाटतो का यावर दहांपैकी गुण लिहून घ्यावेत. चिठ्ठ्यांवर नावे नसावीत. मग दोन्ही बेरजा फळ्यावर लिहाव्यात आणि गाडीने तुमचे मत बदलले का, असे विचारावे. उत्तर काय येईल ते स्मिथ व एंगल यांच्या प्रयोगावरून आपल्याला ठाऊक आहे.

दुसऱ्या बैठकीला पालकांना बोलवावे आणि लग्नातील भेटींच्या यादीचा नमुना त्यांना दाखवावा. १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने व वराला मिळालेल्या भेटींची यादी वराने ठेवायची असते. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, आणि तो नातेवाईक असल्यास नाते लिहून यादीवर वधूवर दोघांच्याही सह्या घ्यायच्या असतात. लग्नाच्या सूचना मंदिरात तीन रविवार वाचल्या जातात. त्यांतील पहिल्या रविवारी ही कोरी यादी दोन्ही घरांच्या हाती द्यावी, आणि मोटारीची ओळ लिहायची झाली तर 'देणाऱ्याचे नाव' या रकान्यात काय लिहिणार, हे त्यांनी एकमेकांच्या समोर बसून ठरवावे.